लिव्हर की ऑटोमॅटिक? घरासाठी एस्प्रेसो मशीन निवडताना

एस्प्रेसो मशीन घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी फोटो पाहतात. चकचकीत स्टील, लाकडी मूठ, दाब दाखवणारा गोल काटा. मग किंमत, मग पंप किती ‘बार’चा (बार म्हणजे दाबाचं माप) आहे ते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी बघायचं ते घरातल्या माणसांकडे: सकाळी किती कप लागतात, दुधाचे की काळे, आणि ओट्यापाशी उभं राहून ते करणार कोण? लिव्हर (दांडा हातानं दाबून किंवा ओढून चालवायचं) आणि ऑटोमॅटिक (दाब पंप देतो), दोन्हींतून उत्तम कॉफी निघू शकते. काम माणसानं किती करायचं आणि यंत्रानं किती, हे एकदा ठरलं की बाजारातली निम्मी मॉडेल्स आपोआप गळतात.

आधी घरचा हिशेब

एका साध्या आठवड्यात घरात कॉफीचे किती कप होतात ते कागदावर लिहून काढा. कोणत्या वेळी, कुणासाठी, दूध किती. रविवारी पाहुणे आल्यावर काय होतं तेही लिहा.

एक-दोघंच कॉफी पिणारे असतील, काळी किंवा थोड्याशा दुधाची, आणि सकाळी दहा मिनिटं हाताशी असतील, तर लिव्हरचा विचार जरूर करा. चौघांना सातच्या ठोक्याला कॅपुचिनो हवा असेल आणि साडेसातला शाळेची बस येत असेल, तर लिव्हरचा नाद सोडा. हाताच्या लिव्हरवर दळण्यापासून धुण्यापर्यंत एका कपाला पाच-सात मिनिटं सहज जातात. चौथा कप होईपर्यंत पहिला कधीच संपलेला असतो, आणि ज्यानं कॉफी केली त्याला उभ्याउभ्याच प्यावी लागते.

आजी-आजोबांना जायफळ घातलेली, भरपूर दुधाची, उकळलेली कॉफी लागत असेल तर ती पातेल्यातच करा. त्या कॉफीला एस्प्रेसो मशीन काहीही देऊ शकत नाही, आणि तिच्यासाठी मशीन घेतलं असं सांगून घरच्यांना पटवायलाही जाऊ नका.

दाब येतो कुठून

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी साधारण ९ बार दाबानं ढकलायचं. हा दाब कुठून आणायचा, यावरच सगळा फरक आहे.

लुइजी बेझेरानं १९०१ साली मिलानमध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं, ते वाफेच्या दाबावर चालायचं. तो दाब दीड बारच्या आसपासच राहायचा आणि कॉफी करपट व्हायची. मिलानच्याच आकिले गाजियानं दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंग आणि दांड्याचं मशीन बाजारात आणलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते, सोडला की ती पिस्टनला ढकलते आणि दाब ८-१० बारपर्यंत जातो. कपावर येणारा तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा, लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढे १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीननं ते काम विजेच्या पंपाकडे दिलं. गंमत अशी, की त्याच वर्षी ला पावोनीनं घरासाठी ‘युरोपिकोला’ हे छोटं लिव्हर मशीन काढलं, आणि ते आजही विकलं जातं. कॅफेतून दांडा हळूहळू गेला, घरात राहिला.

खोक्यावर ‘१५ बार’, ‘१९ बार’ असं ठळक छापलेलं असतं, त्याला भुलू नका. तो पंपाचा कमाल दाब. कॉफीला लागतात ९. काही जण तर ६ बारवरच खूश असतात.

मशीनआधी ग्राइंडर

ज्यांना घरची एस्प्रेसो जमत नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांचं मशीन चांगलं आणि दळण वाईट असतं. एस्प्रेसोला दळणाचा जाडेपणा केसभर बदलला तरी शॉट, म्हणजे एका वेळी निघणारी कॉफी, १५ सेकंदांवरून ४० वर जातो. मिक्सरच्या भांड्यात किंवा पात्याच्या ग्राइंडरमध्ये हे होणे नाही. अर्धी भुकटी, अर्धा भरडा निघतो. बर, म्हणजे बीन्स चिरडणारे दातेरी भाग, असलेला आणि बारीक टप्प्यांत फिरवता येणारा ग्राइंडरच हवा.

म्हणून १०० रुपये खर्चायचे असतील तर ४० ते ५० ग्राइंडरसाठी बाजूला काढा. किंग्राइंडर, वनझेडप्रेसो, टाइममोर यांचे एस्प्रेसोला चालणारे हाताचे ग्राइंडर आहेत. १८ ग्रॅम दळायला एक मिनिट आणि दंडाला थोडा घाम. विजेवरच्यांत बराट्झा एन्कोर ईएसपी किंवा युरेका मिनियॉन यांच्यासारखे. ‘एस्प्रेसोसाठी चालतो’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. फिल्टर कॉफीपुरता चांगला ग्राइंडर इथे अपुरा पडतो.

बीन-टू-कप, म्हणजे दळण्यापासून कपापर्यंत सगळं स्वतः करणाऱ्या मशीनमध्ये ग्राइंडर आतच असतो, त्यामुळे हा खर्च वाचतो. किंमत बघताना ही वजाबाकी बरेच जण विसरतात आणि ‘ऑटोमॅटिक फार महाग’ म्हणतात.

तयार पावडरच वापरायची असेल तर दुहेरी तळाची, म्हणजे दाब कोंडणारी बास्केट (कॉफी भरायची जाळीची वाटी) असलेलं मशीन लागेल. तिच्यात एकच बारीक भोक असतं, त्यातून पाणी जोरात निघतं आणि फेस येतो. तो दिसायला क्रेमासारखा, चवीला हवा. मद्रासी फिल्टरसाठी मिळणारी चिकोरी मिसळलेली पावडर मात्र कुठल्याच एस्प्रेसो मशीनमध्ये घालू नका. चिकोरी पाण्यात चिकट होते आणि जाळी तुंबते.

ओटा, पॉइंट आणि पाणी

टेप घ्या आणि ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंतची उंची मोजा. लिव्हरचा दांडा वर उभा राहतो, त्याला जागा लागते. बीन-टू-कपमध्ये बीन्स वरून ओतायच्या असतात आणि कित्येकांची पाण्याची टाकीही वरून किंवा मागून निघते. पन्नास हजारांचं मशीन दर सकाळी पुढे ओढून टाकी भरावी लागली, की पंधरा दिवसांत कंटाळा येतो.

मग वीज. घरगुती मशीन साधारण १३०० ते १५०० वॅट ओढतं. २३० व्होल्टला ६ अँपिअरचा साधा पॉइंट १३८० वॅटपर्यंतच पुरतो, म्हणून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. त्याच पॉइंटवर एक्स्टेन्शन लावून मायक्रोवेव्हही चालवत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अमेरिकेतून कुणी येणार असेल आणि ‘तिकडे स्वस्त मिळतं, घेऊन येतो’ म्हणत असेल, तर मशीनच्या मागची पट्टी वाचायला सांगा. तिथली मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. मोठा ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज सुटतं, पण हर्ट्झ बदलत नाही, आणि व्हायब्रेशन पंप त्या हर्ट्झवरच चालतो. दुबई, लंडन किंवा जर्मनीहून आणलेलं मशीन व्होल्टेजच्या दृष्टीनं चालतं, फक्त प्लग बदलावा लागतो. वॉरंटी मात्र बहुधा तिकडेच राहते. वीज न लागणारी लिव्हर, म्हणजे फ्लेअरची साधी मॉडेल्स किंवा कॅफेलाट रोबोट, कुठूनही बॅगेत घालून आणता येतात.

पाण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सगळ्यात जास्त मशीन तिथेच मरतात. मुंबईला तलावांचं आणि पुण्याच्या मध्यवस्तीला खडकवासल्याचं पाणी मिळतं, ते तुलनेनं मऊ. तेच पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरवेलवर आलं की किटलीच्या तळाला पांढरा थर दिसायला लागतो. मराठवाड्यातल्या बोअरचं तर विचारूच नका. हाच थर बॉयलरच्या नळ्यांत बसतो. उलट टोकाला आरओचं पाणी. फार कमी टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पाण्याची कॉफी फिकी लागते, आणि ज्या मशीनचा सेन्सर पाण्यातल्या क्षारांवर पातळी ओळखतो त्याला टाकी रिकामीच वाटते. साधारण ७५ ते १५० टीडीएसचं पाणी बरं. आरओला टीडीएस अ‍ॅडजस्टर असेल तर तो फिरवून घ्या, नाहीतर आरओ आणि नळाचं पाणी मिसळा. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बॉयलर नसलेल्या लिव्हरला ही चिंता जवळजवळ नाही. क्षार बसले तर ते किटलीत बसतील.

लिव्हर घ्यायचं ठरलं तर

लिव्हरमध्ये तीन जाती आहेत, आणि त्यांच्यात फार मोठं अंतर आहे.

पहिली बिनबॉयलरची: फ्लेअर, रोबोट. गॅसवर पाणी उकळा, वरून ओता, दांडा दाबा. वीज गेली तरी कॉफी होते. आत बिघडायला रबरी रिंगशिवाय फारसं काही नाही. पहिलं लिव्हर घेणाऱ्याला मी डोळे मिटून हीच जात सुचवेन. फ्लेअरच्या साध्या मॉडेल्समध्ये पाण्याचं भांडं आधी गरम करून घ्यावं लागतं, ते टाळलं तर कॉफी आंबट होते. रोबोटला मध्यम किंवा गडद भाजलेल्या बीन्सना तेवढीही गरज पडत नाही. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि ओतताना आणखी दोन-चार अंश उतरतं, त्यामुळे फिक्या रोस्टसाठी उकळतं पाणी थेट ओता. ‘जळेल’ ही भीती नको.

दुसरी जात बॉयलर असलेल्या थेट लिव्हरची, ला पावोनीसारखी. इथे वाफ मिळते, म्हणून दूधही फेसाळता येतं. देखणी इतकी, की पाहुणे आधी तिच्याबद्दल विचारतात. पण तिचा स्वभाव ओळखावा लागतो. सलग तीन-चार शॉट काढले की वरचा भाग तापतो आणि कॉफी कडवट व्हायला लागते. बॉयलर दाबाखाली असताना वरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आधी मशीन बंद, मग वाफ सोडायची, दाब उतरल्यावरच झाकण. पाणी संपलेलं असताना चालू राहिलं तर हीटर जळतो. घरात लहान मुलं ओट्यापर्यंत पोचत असतील तर मी हे मशीन ठेवणार नाही.

तिसरी स्प्रिंगची. दांडा ओढून सोडला की स्प्रिंग स्वतः दाब देते, तो ९ बारच्या आसपास सुरू होऊन हळूहळू उतरत जातो, आणि उतरत्या दाबामुळे कॉफी गोडसर येते असं तिचे भक्त सांगतात. मला ते पटतं. पण बास्केटमध्ये कॉफी नसताना किंवा दळण फार जाडं असताना ताणलेला दांडा सोडला तर तो उसळून येतो आणि हनुवटी फोडतो. दांड्याच्या वाटेत तोंड नको, आणि समोरून विरोध जाणवल्याशिवाय मूठ सोडायची नाही.

आता ताकदीचं. ५८ मिलिमीटरच्या बास्केटवर ९ बार दाब म्हणजे सुमारे २४० किलोचा भार. तरफेमुळे हातावर त्याचा छोटा हिस्साच येतो, तरी दर कपाला अर्धा मिनिट नेटानं दाबून धरावं लागतं. खांदा आखडलेला असेल, मनगट दुखत असेल किंवा मशीन सत्तरीतले आईवडील वापरणार असतील, तर लहान व्यासाचं मॉडेल बघा किंवा सरळ पंपाचं घ्या.

दुधाचा प्रश्न बिनबॉयलरच्या लिव्हरला राहतोच. साधा उपाय: दूध गॅसवर ६०-६५ अंशांपर्यंत तापवा, फ्रेंच प्रेसमध्ये ओता आणि दांडा भराभर वर-खाली करा. चित्र काढता येईल इतका मऊ फेस नाही येत, पण रोजच्या कपाला पुरेसा होतो. पिशवीतलं होमोजिनाइज्ड गाईचं किंवा टोन्ड दूध घ्या. म्हशीच्या दुधाची साय फेसात मध्ये मध्ये येते.

ऑटोमॅटिकमध्ये काय काय येतं

दुकानदार सगळ्यालाच ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, म्हणून नीट विचारून घ्या. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दळणं, दाबणं तुमचं. दाब आणि तापमान यंत्राचं. बीन-टू-कपमध्ये बटण दाबलं की दळण्यापासून कपापर्यंत सगळं तेच करतं. कॅप्सूलवालं वेगळंच, त्यात साधारण ५-६ ग्रॅम कॉफी असते, आणि दर कपाचा खर्च आयुष्यभर कंपनी ठरवते. २५० ग्रॅमच्या पाकिटात १८ ग्रॅमचे १३ डबल शॉट बसतात. पाकीट ५०० रुपयांचं धरलं तर एक शॉट ३८-४० रुपयांना पडतो. हा आकडा कॅप्सूलच्या भावाशेजारी ठेवून बघा, आणि कॉफी किती ग्रॅम मिळते तेही.

सेमी-ऑटोमॅटिक घेताना बास्केटचा व्यास विचारा. गाजिया क्लासिकसारख्या ५८ मिलिमीटरच्या मशीनला टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा), बास्केट, जाळ्या सगळीकडे मिळतात. डेलॉन्गी डेडिकाची ५१ ची. ओट्यावर वीतभर जागेत मावते आणि सुरुवातीला बरी, फक्त पुढे साध्या एकेरी तळाची बास्केट वेगळी घ्यावी लागेल. एकच बॉयलर असलेल्या मशीनमध्ये कॉफी आणि वाफ एकाच वेळी होत नाही: शॉट काढायचा, तापायला थांबायचं, मग दूध. दोन कॅपुचिनोंपर्यंत चालतं. त्यापुढे दोन्ही एकाच वेळी देणारा हीट एक्स्चेंजर किंवा दुहेरी बॉयलर हवा, आणि तिथे किंमत उडी मारते.

बीन-टू-कपबद्दल कॉफीवेड्यांमध्ये थोडी तुच्छता असते. मला ती अनाठायी वाटते. चौघांच्या घरात, घाईच्या सकाळी, दीड मिनिटात एकसारखा कप देणारं दुसरं काही नाही. चव लिव्हरच्या चांगल्या दिवसाइतकी नसते, पण वाईट दिवसापेक्षा कितीतरी बरी. फिलिप्स आणि डेलॉन्गीच्या अशा मशीनमधला ब्रू-ग्रुप, म्हणजे आत कॉफी दाबून तिच्यातून पाणी सोडणारा भाग, बाहेर काढून नळाखाली धुता येतो. यूराचा निघत नाही, त्याला गोळ्या टाकून साफ करतात. आपल्या दमट हवेत मी धुता येणाराच घेईन. तेलकट, काळ्याकुट्ट भाजलेल्या बीन्स किंवा फ्लेवर लावलेल्या बीन्स यात घालू नका. आतला ग्राइंडर चिकटून बसतो आणि तो दुरुस्त करायला अर्धं मशीन खोलावं लागतं.

पैसे देण्याआधी

तुमच्या पिनकोडला सर्व्हिस येते का, हे विक्रेत्याला नाही, थेट कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. लातूर-नांदेडला राहून पुण्याला मशीन पाठवावं लागणार असेल तर खोकं आणि थर्मोकोल जपून ठेवा. ग्रुपची (जिथून पाणी कॉफीवर पडतं तो भाग) गॅसकेट, ओ-रिंग आणि शॉवर स्क्रीन, म्हणजे पाणी पसरवणारी जाळी, भारतात कुठे मिळते ते आधी शोधा. लिव्हर घेत असाल तर रिंगांचा एक जादा संच त्याच वेळी मागवा. नाहीतर पुढे दोनशे रुपयांच्या रिंगेसाठी महिनाभर पार्सलची वाट बघत बसाल.

जुनं मशीन घेताना समोर चालवून बघा: वाफ, गरम पाणी, एक शॉट. तळाखाली हात फिरवून गंज आणि गळती तपासा. जुनं लिव्हर निर्धास्त घ्या, त्यातले झिजणारे भाग बदलता येतात. जुनं बीन-टू-कप मात्र किती कप झालेत ते मेनूत पाहिल्याशिवाय नको.

पहिला आठवडा

एकाच रोस्टरच्या एकाच बीन्स घ्या, मध्यम-गडद. पाकिटावर भाजल्याची तारीख असलीच पाहिजे; भाजून एक ते दोन आठवडे झालेल्या सर्वांत बऱ्या. नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनपासून मुंबईच्या सबकोपर्यंत आता इथेच चांगले रोस्टर आहेत, इटालियन डबा मागवायची गरज नाही. त्या इटालियन मिश्रणांत कित्येकदा कर्नाटकातलाच रोबस्टा असतो.

वजनकाटा लागेल, ०.१ ग्रॅम दाखवणारा. १८ ग्रॅम कॉफी, ३६ ग्रॅम पेय, २५ ते ३० सेकंद. पंधरा सेकंदांत धो-धो आलं तर दळण बारीक करा. पाऊण मिनिट ठिबकत राहिलं तर जाडं. एका वेळी एकच गोष्ट बदला. आंबट लागली तर दळण बारीक करा किंवा पाणी जास्त गरम घ्या, कडू लागली तर उलट. लिव्हरवर आधी ५-१० सेकंद हलका, २-३ बारचा दाब देऊन कॉफी भिजू द्या, मग ९ पर्यंत चढवा आणि शेवटाला सोडत आणा. मुंबई-कोकणात पावसाळा लागला की जूनमध्ये जमलेलं दळण जुलैत बिघडतं, कारण बीन्स ओलावा धरतात. तेव्हा मशीनला दोष देऊ नका.

निगा

लिव्हरला रोज पुसणं, आणि दोन-तीन महिन्यांनी पिस्टनच्या रिंगेला खाद्यवापराचं सिलिकॉन ग्रीस. सेमी-ऑटोमॅटिकला प्रत्येक शॉटनंतर थोडं नुसतं पाणी सोडा. बॅकफ्लश, म्हणजे बंद बास्केट लावून पाणी उलट फिरवून केलेली सफाई, फक्त थ्री-वे व्हॉल्व्ह (शॉटनंतर उरलेला दाब सोडणारा) असलेल्या मशीनलाच करायचा. बीन-टू-कपची दुधाची नळी वापरल्याबरोबर धुवा, ब्रू-ग्रुप आठवड्यातून एकदा.

क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, बऱ्याच मशीनना चालतं. अ‍ॅल्युमिनियमचा बॉयलर असेल तर टाळा आणि कंपनीचं द्रावण घ्या. पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

बीन-टू-कपमधला चोथ्याचा डबा पावसाळ्यात रोज रिकामा करा, भरला नसला तरी. दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. आणि झुरळं. उबदार, अंधारा, ओलसर कोपरा त्यांना मशीनच्या पोटात मिळतो, एकदा आत गेली की सर्किटपर्यंत जातात. रात्री ट्रे कोरडा करून ठेवा, भोवताली जेलचे ठिपके लावा. चार दिवस गावाला जाणार असाल तर टाकी रिकामी करा, बीन्स काढून हवाबंद डब्यात भरा आणि प्लग काढून जा.